मडगार्डाबाहेरचं चाक

माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. जाड पत्रा, चारी कोपऱ्यांत पाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक. कंपनीतून ती ६.०० बाय १६ च्या टायरवर बाहेर पडायची. रुंदी सहा इंच, उंची एकोणतीस इंचांच्या आसपास. मित्राच्या बंद पडलेल्या चिरेखाणीत उतरायचं असलं की मी तिला ३१ इंच उंच आणि साडेदहा इंच रुंद मड टायर चढवतो. हे टायर मडगार्डाच्या बाहेर येतात, म्हणून वरून काळे फ्लेअर. अशी गाडी इथे रत्नागिरीत खाणीवर कुणी पाहिली की टायरचं विचारत नाही, पाट्यांचं तर नाहीच. "हे वरचं कुठून आणलंस? कितीला पडलं?" एवढंच. मग काही दिवसांनी तोच माणूस नवं कोरं खोकं काखेत मारून दारात हजर होतो, कारण ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. अशा खोक्यांमुळे माझ्या अंगणात जीप, थार, जिप्सी सगळं वाकवून, मोजून, भोकं पाडून झालं. त्यातून जे कळलं ते इथे उतरवतो आहे.

१. फ्लेअर सगळ्यात शेवटी घ्यायचा

खोकं आधी आणणाऱ्याला मी पहिल्यांदा चहा देतो आणि मग विचारतो, "टायर कुठला टाकणार?" बहुतेकदा उत्तर येतं, "बघू." इथेच सगळं उलटं सुरू होतं.

फ्लेअर लागतो कशाला, याचा हिशोब साधा आहे. सहा इंची टायरच्या मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. साडेदहा इंचीच्या मधल्या रेघेपासून सव्वापाच-सव्वापाच. म्हणजे मधली रेघ जागच्या जागी ठेवली तरी टायर आतल्या अंगाला सव्वादोन इंच शिरतो आणि बाहेरच्या अंगाला सव्वादोन इंच येतो. आता जुन्या जीपच्या आतल्या अंगाला काय आहे ते खाली वाकून बघा: पुढे पाटे, टाय रॉड, चेसिसची कड. सव्वादोन इंच तिथे कुणी मोकळे ठेवलेले नाहीत. स्टिअरिंग पूर्ण तोडलं की रुंद टायर पाट्याला घासणार. म्हणून डिस्क (चाकाची रिम) अशी घ्यावी लागते की हबला टेकणारा तिचा भाग आतल्या बाजूला सरकलेला असेल. त्याने अख्खं चाकच बाहेर ढकललं जातं. आत वाचवलेला प्रत्येक इंच बाहेरच्या बाजूला जमा होतो, आणि ती बेरीज झाकायला फ्लेअर.

तेव्हा क्रम असा: गाडी किती उचलायची ते आधी, मग टायर, मग डिस्क, मग बंपस्टॉपचे रबर, मग गाडी वाकवून बघणं, आणि या सगळ्यानंतर जी रुंदी उरेल तेवढा फ्लेअर. जो चार इंची फ्लेअर आधी आणतो, त्याला पुढे फ्लेअर भरून दिसावा म्हणून चाकामागे स्पेसर घालावे लागतात. झाकणासाठी डबा मोठा करण्यातला हा प्रकार. त्यात चाकाच्या मध्यावर येणारा भार हबच्या बेअरिंगपासून आणखी लांब जातो, आणि बेअरिंग बिचारं गप्प बसून झिजतं.

२. मोठ्या टायरचं बिल ब्रेकच्या नावावर फाटतं

हे फ्लेअरबद्दल नाही, पण फ्लेअर बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. एकोणतीसचं चाक एकतीस झालं की परीघ सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. काटा साठ दाखवत असेल तेव्हा गाडी चौसष्टने पळत असते. आणि ड्रमने लावलेला तोच जोर रस्त्याशी पोचेपर्यंत सुमारे सात टक्क्यांनी कमी पडतो, शिवाय टायर-डिस्कचं वजन वाढलेलं ते वेगळंच. आंबा घाट उतरताना हे सात टक्के कळतात. फ्लेअरच्या पैशांत आधी ब्रेकचे लायनर आणि व्हील सिलिंडर बघून घ्या.

३. माप ओळंब्याने घ्या, पण त्यावर विसंबू नका

गाडी सपाट फरशीवर उभी करा, चाकं सरळ, टायरमध्ये हवा नेहमीची. गवंड्याचा ओळंबा मडगार्डाच्या कडेला बोटाने दाबून खाली सोडा. दोरीच्या बाहेर टायर किती दिसतो ते पट्टीने मोजा. हबच्या उंचीला एकदा, आणि टायरच्या वरच्या भागाला, जिथून चिखल उडतो तिथे, एकदा. टायर जमिनीवर बसल्यावर खालचा भाग फुगतो. तो फुगवटा मोजून फ्लेअर घेतलात तर उगाच रुंद फ्लेअर गळ्यात पडेल. नक्षीची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे, बाजूची भिंत थोडी बाहेर दिसली तरी चालते. जास्त रुंद फ्लेअर करवंदीच्या जाळीत सगळ्यात आधी अडकतो.

हबच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंचीही लिहून ठेवा, चारही चाकांची. हे आकडे पुढे कामाला येणार आहेत. मात्र उभ्या गाडीचं माप म्हणजे कामाची निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी गाडी हलल्यावर कळते.

४. गाडी वाकवल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. मी स्वतः फ्लेअर बसवण्यापेक्षा जास्त वेळ यातच घालवतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

फ्लेअरसोबत येणाऱ्या कागदावरचं चित्र उभ्या गाडीचं असतं. ओबडधोबड जागी गाडी तशी कधीच उभी नसते. पुढचं डावं चाक चढलेलं, मागचं उजवं चढलेलं, उरलेली दोन लोंबकळत. त्यातच वाट शोधायला स्टिअरिंग पूर्ण तोडलेलं. तेव्हा टायर मडगार्डाच्या पोटात कुठवर शिरतो, हा खरा प्रश्न.

कोकणात याला खर्च नाही. घराच्या मागे चिरे असतातच. रुंद पायाचा, आडवे-उभे थर दिलेला पक्का चौथरा रचा, त्यावर फळी टाका, आणि पुढचं एक चाक हळू वर चढवा. तिरक्या समोरच्या मागच्या चाकाखाली दुसरा चौथरा. एक माणूस गाडीत, ब्रेकवर पाय. दुसरा बाहेरून बघणारा. जांभा ठिसूळ असतो, कोपरा कधी निसटेल सांगता येत नाही, म्हणून बघणाऱ्याने गाडीखाली डोकं घालायचं नाही. बॅटरी आणि आरसा बाहेरूनच वापरायचा.

चाक वर दाबलं की काय होतं ते पाट्याच्या गाडीत नीट बघण्यासारखं आहे. पाटा कमानीसारखा असतो. दाबला की सरळ होतो, आणि सरळ झाला की त्याची लांबी वाढते. त्याचं एक टोक पक्कं असतं, दुसरं शॅकलवर झुलतं. वाढलेली लांबी अर्थातच शॅकलकडे जाते, आणि मधे बांधलेला एक्सेल तिच्यासोबत त्या बाजूला सरकतो. म्हणजे चाक नुसतं वर जात नाही. शॅकल पुढे असेल तर वर आणि पुढे जातं, मागे असेल तर वर आणि मागे. फ्लेअरचा गोल हबच्या बरोब्बर मधोमध ठेवून आखणारे इथे फसतात. उभ्या गाडीत तो गोल सुंदर दिसतो आणि चाक चढलं की एका बाजूला बोटभर फट, दुसऱ्या बाजूला टायर फ्लेअरला टेकलेला.

मग स्टिअरिंग. बाहेर सरकवलेलं चाक वळताना मूळ चाकापेक्षा मोठा घेर घेतं. पुढची कड बंपरच्या कोपऱ्याकडे येते, मागची कड पायाजवळच्या पत्र्याकडे. चाक वर दाबलेल्या अवस्थेतच स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. टायरच्या खांद्यांवर आधी ओला खडू फासून ठेवा. जिथे घासेल तिथे पत्र्यावर पांढरी खूण उमटते. खूण नाही उमटली तरी दोन बोटं सहज फिरतील एवढी फट असलेली बरी. पावसाळ्यात मड टायरच्या नक्षीत लाल माती गच्च बसते आणि टायर आपल्या मापापेक्षा जाड होऊन फिरतो.

पांढरी खूण दिसली तर लगेच कटर उचलायचा नाही. आधी बंपस्टॉपचं रबर जाड करून बघा. चाकाचा वरचा प्रवास इंचभराने कमी होईल, पण पत्रा वाचेल. तेवढ्याने भागत नसेल तर गाडी थोडी उचलायची. पत्रा कापणं हा तिसरा उपाय.

५. कापलाच तर कडेला सळई

जुन्या जीपच्या मडगार्डाची कड आत दुमडलेली असते. ती शोभेसाठी नाही. त्या दुमडीमुळे पत्रा ताठ राहतो. कड कापली की उरलेला पत्रा थरथरायला लागतो, आणि थरथरणारा पत्रा भोकांपासून तडकतो. शिवाय कापलेली कड धारदार. चाक दाबलं गेलं आणि टायर तिच्यावर आला की भिंतीवर सरळ चीर.

आमच्याकडचे एक जुने पत्रेकाम करणारे चाचा कापलेल्या कडेला सहा मिलिमीटरची सळई वळवून लावतात आणि पत्रा तिच्यावरून हातोडीने दुमडतात. बादलीच्या काठाला असते तशी. मी त्यांना म्हटलं, "चाचा, वर फ्लेअर येणार आहे, दिसणारसुद्धा नाही." ते म्हणाले, "टायरला दिसतं ना." त्यांचं सगळं काम असंच असतं.

६. फायबर, प्लास्टिक की रबर

गाडी कुठे चालवता त्यावर हे ठरवा. फोटोवर ठरवू नका.

बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त फ्लेअर फायबरचे, म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन. हवा तो आकार मिळतो, रंग चांगला बसतो. पण वाकत नाही. दगडाला टेकला की तडकतो, आणि तडा बहुतेकदा बोल्टच्या भोकापासून सुरू होतो. तरी माझ्या जीपवर फायबरच आहे, आणि त्याचं कारण समुद्र. इथे मच्छीमारांच्या होड्या फायबरच्या, आणि होड्या म्हटलं की त्यांची दुरुस्ती आलीच. मिरकरवाड्यात होड्यांचं फायबर करणाऱ्या एकाने माझ्या जीपचे फ्लेअर साच्यावरून उतरवले. होडीला जिथे वल्ह्याचा नाहीतर इंजिनाचा ताण येतो तिथे चटईचे थर वाढवतात. त्याने बोल्टच्या रेघेवर तसेच थर वाढवले. फुटला तर संध्याकाळी देतो आणि सकाळी घेतो. शहरात राहणाऱ्याला ही सोय नाही, त्याने फायबरचा हट्ट धरू नये.

दुसरं एबीएस प्लास्टिक. कारखान्यात साच्यातून निघालेलं, जाडी सगळीकडे सारखी, थोडं वाकून परत जागेवर येणारं. २०२० नंतरच्या थारला कंपनीकडूनच चाकांवर काळं प्लास्टिक असतं. ज्यांना थोडाच मोठा टायर टाकायचा आहे त्यांनी आधी त्यातच टायर बसतो का बघावं. एबीएसचा शत्रू ऊन. वर संरक्षक थर नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत काळ्याचं राखाडी होतं आणि मग ते ठिसूळ व्हायला लागतं. रंग दिला किंवा गाडी सावलीत ठेवली तर जास्त टिकतं.

तिसरं रबर. जुन्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी कापायची, वर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची आणि दोन्ही मिळून मडगार्डाला आवळायची. दिसायला ट्रॅक्टरसारखं. पण दगड लागला तर वाकतं, झाडी लागली तर वाकतं, आणि दहा वर्षांनी तसंच असतं. खाणीतल्या गाड्यांना मी हेच सुचवतो. आजवर फार जणांनी ऐकलेलं नाही, कारण फोटोत ते चांगलं येत नाही.

पाइपचे आणि पत्र्याचे फ्लेअर मी बसवून देत नाही. दगडावर आदळले तर ते तुटत नाहीत, मडगार्ड ओढून नेतात. आणि रस्त्यावर बाजूने जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याच्या उंचीला लोखंडाची कड नको.

७. भोक

इथून पुढे सगळं हाताचं काम आहे. पत्र्यात एकदा भोक पडलं की ते जन्मभराचं, आणि आमच्या हवेत ते गंजाला दिलेलं आमंत्रण.

फ्लेअर आधी नुसत्या मास्किंग टेपने जागेवर चिकटवा. दहा पावलं मागे जाऊन बघा, मग जवळ या, मग पुन्हा चिऱ्यांवर चाक चढवून बघा. तसाच एक दिवस राहू दिला तरी बिघडत नाही. मग पेन्सिलने भोकांच्या खुणा, खुणांवर सेंटर पंच, आधी तीन मिलिमीटरचा बिट, मग हवा तो. पंच न मारता ड्रिल लावलं की बिट घसरतो आणि रंगावर वळवळती रेघ उठते.

पहिलं भोक मधलं, म्हणजे चाकाच्या बरोबर वर. तो बोल्ट हाताने घट्ट. मग मधून दोन्ही टोकांकडे एक इकडे, एक तिकडे. टोकाकडून सुरुवात केली की सगळी चूक दुसऱ्या टोकाला साठते आणि तिथे फ्लेअर पत्र्यापासून उठून राहतो.

एबीएस असेल तर मधलं भोक सोडून बाकीची भोकं प्लास्टिकमध्ये लांबट करा, पत्र्यात नाही. कारण तापमान. एबीएस लोखंडाच्या सहा ते आठ पट प्रसरण पावतं. एक मीटर लांब फ्लेअर पहाटेपासून भर दुपारपर्यंत तीस अंशांनी तापला तर तो दोन-तीन मिलिमीटर वाढतो. त्याच्याखालचा पत्रा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. बोल्ट पक्के आवळलेले आणि भोकं घट्ट असतील तर ही वाढ जाणार कुठे? फ्लेअर मधेच फुगतो, नाहीतर भोकाजवळ चिरतो. एप्रिलमध्ये नागमोडी झालेला फ्लेअर घेऊन लोक येतात आणि मालाला नावं ठेवतात. माल बहुतेकदा बरा असतो. फायबरला ही अडचण एवढी नाही, पण भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं आणि खाली रुंद वायसर तिथेही हवंच.

प्रत्येक भोकाची कड कानशीने साफ करा, खालचा बूर काढा, उघड्या लोखंडाला प्रायमर लावा, तो वाळू द्या, मग रंग, आणि बोल्ट घालताना थोडं ग्रीस. 'वाळू द्या' हे दोन शब्द कुणालाच आवडत नाहीत. ओल्या प्रायमरमधून बोल्ट फिरवला की तो सगळा खरवडून बाहेर काढतो. स्टीलचा बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचं वायसर ठेवा, म्हणजे आवळताना रंग सोलला जात नाही.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सेल्फ-टॅपिंग स्क्रू वापरायचे नाहीत. ते बाहेरून झटपट बसतात आणि त्यांची टोकं मडगार्डाच्या पोटात, टायरच्या बाजूला, सुयांसारखी निघतात. वरून कुणाला दिसत नाहीत. चाक पूर्ण दाबलं गेलं की त्या सुया टायरच्या खांद्यात. अंगणात आलेल्या एका गाडीच्या महागड्या टायरवर गोलाकार, सारख्या अंतरावर टोचे होते. मालकाला वाटत होतं टायर बनवणाऱ्याने काही नवीन नक्षी काढली आहे. टायरच्या बाजूला नेहमी बोल्टचं गोल डोकं यायला हवं, नट बाहेर. ते जमत नसेल तर आत घुमटी नट आणि बोल्ट कापून नेमक्या लांबीचा. रिव्हनट, म्हणजे पत्र्यातच रिव्हेटसारखे बसणारे नट, नव्या, निरोगी पत्र्यात छान काम देतात. जुन्या जीपच्या खाल्लेल्या पत्र्यात ते भोकातच गोल फिरत बसतात, मग ना आवळता येतं ना काढता येतं.

नुसत्या दुहेरी टेपवर बसणारे अरुंद फ्लेअरही मिळतात. शहरातल्या गाडीला ठीक. चिखलातून काढून दाबाच्या पाण्याने धुणार असाल तर टेपच्या भरवशावर राहू नका.

८. डावी बाजू उजवीसारखी नसते

एका बाजूचा पुठ्ठ्याचा साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावला आणि सगळी भोकं पाडली, असं जुन्या गाडीत करू नये. तीस-चाळीस वर्षांत एखादा मडगार्ड बदललेला असतो, एखादा ठोकून सरळ केलेला असतो, बॉडी चेसिसवर अर्ध्या इंचाने तिरकी बसलेली असते. दोन्ही बाजू आपल्या-आपल्या हबपासून मोजा. तिसऱ्या मुद्द्यात लिहून ठेवलेले आकडे आता काढा. समोरून गाडी बघताना डोळ्याला फ्लेअरची जमिनीपासूनची उंची खटकते, पत्र्याच्या कडेपासूनचं अंतर खटकत नाही. थोडी तडजोड पत्र्यावर ढकला.

९. आरटीओला फ्लेअर दिसतो

याबद्दल गप्पा खूप, वाचन कमी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर असलेला, कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकच लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चार फ्लेअर, चार टायर, चार डिस्क यांचा हिशोब निरीक्षक कसा करेल त्याची परीक्षा मला घ्यायची नाही.

माझ्या जीपसारख्या जुन्या गाड्यांना तर पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि तेव्हा गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. म्हणून माझ्याकडे चाकांचे दोन जोड आहेत. रस्त्यावर अरुंद, कंपनीच्या मापाचा. रुंद जोड आणि फ्लेअर मागून पिकअपमध्ये येतात आणि खाणीच्या फाटकाच्या आत चढतात. मित्र हसतात. फ्लेअर उतरवता येईल असाच बसवायचा, हा नियम मी यातूनच केला: चिकटवायचा नाही, वेल्ड करायचा नाही, भोकांना उतरवल्यावर रबरी बुचं.

फ्लेअर असो वा नसो, रस्त्यावर मडगार्डाबाहेर आलेल्या चाकाचा त्रास चालवणाऱ्याला होत नाही. तो मागच्याला होतो. मड टायरच्या नक्षीत अडकलेली खडी साठच्या वेगाला सुटते, आणि कुंभार्ली घाटात मागे दुचाकीवर कुणीतरी असतंच, पावसात हेल्मेटची काच वर केलेली.

आणि विषय निघालाच आहे म्हणून. आमचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, बाहेरच्या गाडीवाल्यांना मोकळं मैदान वाटतात. रत्नागिरी-राजापूरच्या याच जांभ्याच्या कातळावर प्राचीन कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसाळ्यात त्यांच्यावर गवत उगवतं, पाणी साचतं, आणि दोन पावलांवरून शिल्प दिसत नाही. जांभ्यावर मड टायरची नक्षी फिरते तेव्हा काय होतं ते मी खाणीत बघतो. रुंद टायरची हौस कुणाच्या तरी परवानगीच्या, माहितीच्या जागेत करा. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली तसं आखलेल्या मार्गावर, किंवा इगतपुरीजवळ महिंद्राचं ऑफ-रोड शिकवणारं केंद्र आहे तिथे. सड्यावर नको.

१०. धुणं आणि नायलॉनचे बोल्ट

फ्लेअर आणि मडगार्ड यांच्यामध्ये रबर बीडिंग घालतात, ते चांगलंच. रंग घासत नाही. पण ते खालपर्यंत अखंड घालू नका. सगळ्यात खालच्या टोकाला बोटभर जागा उघडी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. आमची लाल माती त्या खाचेत जाऊन बसली की पाऊस संपला तरी ओलीच राहते, आणि पत्रा वरून चकचकीत असताना मागून पोखरत जाते. धुताना पाइप वरून नाही, चाकाच्या बाजूने आत धरायचा, आणि स्वच्छ पाणी गळेपर्यंत हलवायचा नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, चारही फ्लेअर उतरवून मागचा पत्रा बघायचा.

टोकाचे दोन-दोन बोल्ट मी नायलॉनचे घालतो, मधले लोखंडी. फ्लेअरचं टोक झाडाच्या बुंध्यात किंवा दगडात अडकलं तर नायलॉन तुटतो, फ्लेअरचं टोक मोकळं होतं, पत्रा जागेवर राहतो. चाचांना हे पटलेलं नाही. तुटणारी वस्तू मुद्दाम लावायची हे त्यांच्या कामात बसत नाही. पण सुट्या नायलॉन बोल्टांची पिशवी गाडीत असते आणि खाणीतून वर येताना ती बहुतेकदा उघडावी लागते. नवा फ्लेअर असेल तर पहिल्या चिखलानंतर लोखंडी बोल्टही एकदा फिरवून बघा. रबर दबून बसतं आणि सगळे अर्धा फेरा तरी सैल निघतात.